पुण्यात स्वतःचे छोटे पशुचिकित्सालय: पदवीपासून पावतीपर्यंत

मुठाकाठचा पशुवैद्य (धागाकर्ता)

नीटचा निकाल लागला की दरवर्षी ओळखीतले कोणी ना कोणी फोन करते. "एमबीबीएस मिळेल असे दिसत नाही, पण मुलीला प्राण्यांची आवड आहे, व्हेटर्नरीला घालू का? पुढे पुण्यात स्वतःचे क्लिनिक टाकता येईल ना?" या प्रश्नाचे उत्तर फोनवर नीट देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो. सिंहगड रस्त्याच्या बाजूला माझे दोन खोल्यांचे चिकित्सालय आहे. मी, एक मदतनीस आणि संध्याकाळी येणारी एक तरुण डॉक्टर एवढाच आमचा कारभार. मोठ्या रुग्णालयांचा अनुभव मला नाही, त्या बाबतीत जाणकारांनी भर घालावी.

शिक्षणाचे आधी उरकतो. पदवीचे नाव बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच., कालावधी साडेपाच वर्षे, त्यांतले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भारतीय पशुवैद्यक परिषद भरते आणि राज्याच्या जागा नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ भरते. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ ही या विद्यापीठाची जुनी पदवी महाविद्यालये आहेत. पुणेकरांच्या ओळखीचे शिरवळ, कारण ते सातारा रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवर आहे. (अवांतर: १८६२ मध्ये लष्कराची पहिली पशुवैद्यकीय शाळा पुण्यात निघाली होती, म्हणजे या विद्येचे आणि या गावाचे नाते जुने आहे.) पदवीनंतर राज्य पशुवैद्यक परिषदेत नोंदणी केल्याशिवाय व्यवसाय करता येत नाही. १९८४ च्या कायद्याने तो अधिकार फक्त नोंदणीकृत पशुवैद्यकालाच दिला आहे.

पालकांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. कुत्र्यामांजरांच्या आवडीपोटी आलेल्या मुलालाही गायीची, म्हशीची, शेळीची, घोड्याची आणि कोंबडीची शरीररचना शिकावीच लागते, गाभण गाय तपासायला खांद्यापर्यंत हातमोजा चढवावा लागतो आणि शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभे राहावे लागते. ज्याला हे जमत नाही त्याची ओढाताण होते. जमले तर मात्र हा अभ्यासक्रम अतिशय समृद्ध आहे, कारण एकाच डोक्यात इतक्या प्रजातींचे वैद्यक भरणारा दुसरा अभ्यासक्रम मला तरी माहीत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. चिकित्सालय चालवताना रोज लागणारे जे कौशल्य आहे, ते मला कॉलेजात कोणी शिकवले नाही: आजार एकच असला तरी समोरच्या माणसाच्या ऐपतीप्रमाणे उपचाराचे दोन-तीन प्रामाणिक आराखडे मांडता येणे. माणसांच्या डॉक्टरला विम्याचा, सरकारी रुग्णालयाचा काहीतरी आधार असतो. आमच्याकडे प्राण्यांचा विमा काढलेला मालक विरळाच, त्यामुळे उपचार कुठवर जाणार हे बहुतेक वेळा खिसाच ठरवतो. पुस्तकातला सर्वोत्तम उपचार एकदाच सांगून "करायचे तर करा" म्हणणारा डॉक्टर आणि गरीब दिसला की तपासण्या न सुचवताच इंजेक्शन टोचणारा डॉक्टर, हे दोघेही माझ्या मते सारखेच चुकतात.

एक उदाहरण देतो. धायरीचा एक रिक्षाचालक आठ वर्षांची लॅब्राडोर घेऊन आला. माज होऊन दीड महिना झालेला, दोन दिवसांपासून अन्न बंद, पाणी मात्र भांडेच्या भांडे रिकामे करत होती आणि पोट ढोलासारखे ताणलेले. अंगावरून काही जात नव्हते. सोनोग्राफीत गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत पू भरलेला दिसला. याला पायोमेट्रा म्हणतात. गर्भाशयाचे तोंड बंद असेल तर पू बाहेर पडत नाही, गर्भाशय फुटण्याचा धोका असतो आणि विष रक्तात भिनते. मी एका कागदावर तीन रकाने केले. पहिल्यात मोठ्या रुग्णालयात पाठवणे, तिथे रात्रभर देखरेख आणि सगळ्या रक्ततपासण्या. दुसऱ्यात माझ्याकडेच सलाईन चढवून, मूत्रपिंडाची आणि रक्तपेशींची तपासणी करून त्याच दुपारी गर्भाशय काढणे आणि रात्रीची देखरेख घरच्यांनी कशी करायची ते शिकवणे. तिसऱ्यात केवळ औषधे, आणि त्याच्याखाली स्पष्ट शब्दांत: तोंड बंद असल्याने हा मार्ग भरवशाचा नाही, आणि वाचली तरी पुढच्या माजानंतर हे पुन्हा होऊ शकते. प्रत्येक रकान्याखाली रक्कम आणि धोका दोन्ही लिहिले. त्याने घरी फोन लावला, बायकोशी बोलला आणि दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवले. पैसे तीन हप्त्यांत दिले, पूर्ण दिले. कुत्री आता नऊ वर्षांची आहे.

तो कागद फाइलला लावून त्यावर सही घेतो. संमतिपत्र म्हणून त्याचा उपयोग आहेच, पण तिसरा रकाना लिहिताना डॉक्टरला स्वतःशीच खरे बोलावे लागते, हा उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो.

कोथरूडची आई

डॉक्टर, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. माझी मुलगी बारावीला आहे आणि तुम्ही वर्णन केलेला फोन करणाऱ्यांपैकीच मी एक आहे. माझ्या शंका अशा. मोठ्या जनावरांच्या कामात मुलींना अडचण येते का? पदवीनंतर लगेच क्लिनिक काढावे की आधी एम.व्ही.एस्सी. करावे? आणि तिला वन्यप्राण्यांचे काम करायचे आहे, त्यात कितपत वाव आहे?

शिवनेरीच्या पायथ्याशी

पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो. मी पशुधन विकास अधिकारी आहे, म्हणजे लोकसेवा आयोगातून निवड होऊन सरकारी दवाखान्यात काम करणारा पशुवैद्यक. अडलेली गाय सोडवणे हे ताकदीपेक्षा हाताच्या सरावाचे, वंगणाचे आणि धीराचे काम आहे. वासराची मान मुडपलेली असेल तर धसमुसळेपणाने ओढणारा पैलवान वासरू आणि गाय दोन्ही घालवतो. ते मागे ढकलून मान सरळ करणारा बारीक हात वाचवतो. माझ्या शेजारच्या दवाखान्यातील अधिकारी महिला आहेत आणि अवघड वेतासाठी लोक त्यांचेच नाव घेतात. अडचण येते ती रात्री-अपरात्री एकटीने वस्तीवर जाण्याची. ती खरी आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये.

शहरातले लोक विसरतात, की या पदवीचा मोठा गाभा पशुधन आहे. २०२२ मध्ये लम्पी हा गुरांचा त्वचारोग आला तेव्हा आम्ही गोठ्यागोठ्यांतून गोटपॉक्सची (शेळ्यांच्या देवीची) लस टोचत फिरलो. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यापासून जुन्नर, आंबेगाव, खेड भागांत शर्यतीच्या बैलांच्या तपासणीचे काम वाढले आहे. स्तनदाह, पोटफुगी, वार अडकणे आणि गोचीडताप हे तर बारमाही. दुधाच्या पट्ट्यात मोटारसायकलवर पेटी बांधून खासगी व्यवसाय करणारे पदवीधर चांगले स्थिरावले आहेत आणि त्यांना दुकानाचे भाडे लागत नाही. नोकरी किंवा शहरी क्लिनिक एवढेच दोन पर्याय मुलांसमोर ठेवू नयेत.

वन्यप्राण्यांबद्दल सांगायचे तर आमच्या जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे आणि पुण्यात कात्रजचे प्राणिसंग्रहालय आहे. काम विलक्षण आहे, पण पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आवड जपावी, मात्र पोटापाण्याची दुसरी वाट तयार ठेवावी.

एक विनंती शहरातल्या डॉक्टरांनाही आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडे मरत होती, म्हणून त्याचा पशुवैद्यकीय वापर २००६ मध्ये बंद झाला आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवरही बंदी आली, तरी खेड्यांत माणसांच्या औषधांतले डायक्लोफिनॅक जनावरांना टोचलेले अजून पाहायला मिळते. मेलॉक्सिकॅमसारखा गिधाडांना न बाधणारा पर्याय हाताशी असताना याला कसलेही समर्थन नाही.

रात्रपाळी

मी पुण्यातल्याच एका मोठ्या पेट हॉस्पिटलमध्ये नोकरी करते, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. पदवीनंतर लगेच क्लिनिक काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंटर्नशिपमध्ये हात बसतो तो मर्यादित. मोठ्या रुग्णालयात रात्रपाळी केली की एका पावसाळ्यात गोचीडतापाच्या इतक्या केस पाहायला मिळतात, की हिरड्या पांढऱ्या पडलेला कुत्रा दारातून आत येतानाच डोक्यात पुढची पावले तयार होतात. आयसोफ्लुरेनवर भूल देणे, मॉनिटर वाचणे, रक्त चढवणे, बिघडलेली केस वरिष्ठांकडे वेळेवर सोपवणे हे सगळे दुसऱ्याच्या छताखाली शिकून घ्यावे.

एम.व्ही.एस्सी. दोन वर्षांचे आहे. शल्यचिकित्सा किंवा मेडिसिनमध्ये खोलवर जायचे असेल, शिकवायचे किंवा संशोधन करायचे असेल तर अवश्य करावे. केवळ पाटीवर अक्षरे वाढावीत म्हणून करू नये.

नोकरीची दुसरी बाजूही सांगते. बिलाची रक्कम आम्ही ठरवत नाही, पण मालकाचा राग काउंटरवर आम्हीच झेलतो. धागाकर्त्यांचा तीन रकान्यांचा कागद मोठ्या ठिकाणी सहज वापरता येत नाही, कारण तिथे तपासण्यांचा ठरलेला क्रम असतो. त्याचे फायदे आहेत, चुका कमी होतात. पण तिसरा रकाना बहुधा नसतोच.

जमाखर्च

मी सनदी लेखापाल आहे आणि माझे काही अशील पशुवैद्यक आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांना आपला एक पेशंट आपल्यालाच कितीला पडतो, हे ठाऊक नसते. गणित सोपे आहे. समजा, भाडे, पगार, वीज, यंत्रांचे हप्ते आणि देखभाल मिळून महिन्याचा स्थिर खर्च १ लाख २० हजार आहे, महिन्यात २६ दिवस क्लिनिक उघडे असते आणि दिवसाला सरासरी १० पेशंट येतात. म्हणजे २६० पेशंटांवर हा खर्च विभागला तर प्रत्येकामागे सुमारे ४६० रुपये, औषधाची एक कुपी फोडण्याआधीच. डॉक्टरचे स्वतःचे मानधन यात धरलेलेच नाही. शेजारचा अमुक घेतो म्हणून मीही तेवढेच घेतो, या पद्धतीने फी ठरवणारा डॉक्टर लसींच्या आणि खाद्याच्या नफ्यावर घर चालवतो आणि ऑनलाइन दुकानांनी खाद्याचे भाव पाडले की अडचणीत येतो.

कराबद्दल एक बारकावा. प्राण्यांच्या आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून सूट आहे आणि केवळ करमुक्त सेवा देणाऱ्याला नोंदणीही लागत नाही. मात्र त्याच नावावर बेल्ट, शाम्पू, खाद्य विकायला किंवा ग्रूमिंग करायला लागलात, की उलाढाल मोजताना उपचारांची करमुक्त रक्कमही धरली जाते, आणि ती एकूण २० लाखांच्या वर गेली की नोंदणी घ्यावी लागते. म्हणून विक्री आणि उपचार यांचे हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवावेत.

बोक्याची मावशी

मी ग्राहकाच्या बाजूने थोडे कडवट लिहिणार आहे, राग नसावा. गेल्या वर्षी रात्री अकराला माझा बोका सारखा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता. नेहमीच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी "सकाळी या, बद्धकोष्ठ असेल" असे सांगितले. सकाळी तिसऱ्या ठिकाणी नेले तेव्हा कळले, की त्याची लघवी तुंबली होती. बोका वाचला, पण बिल ऐकून मला घाम फुटला. छोटी क्लिनिके फी तर घेतात, मग रात्री दार का उघडत नाहीत?

मुठाकाठचा पशुवैद्य

मावशी, राग कसला? तुमचा प्रश्न रास्त आहे. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथत असेल आणि ओले काहीच दिसत नसेल, तर ती लघवी तुंबल्याची खूण मानून त्याच रात्री न्यायला हवे. मूत्राशय भरलेले राहिले की रक्तातले पोटॅशियम वाढते, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत प्राणी दगावू शकतो. फोनवरून बद्धकोष्ठाचे निदान करणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

पण रात्रीच्या दाराबद्दल सांगतो. सकाळची ओपीडी, दुपारी शस्त्रक्रिया आणि संध्याकाळची ओपीडी करणारा एकटा माणूस रात्रीही दार उघडू लागला, तर दुसऱ्या दिवशीच्या टेबलावरच्या कुत्रीला झोप न झालेला सर्जन मिळतो. (पुणेकरांच्या १ ते ४ वर विनोद होतात. आमच्या शटरमागे त्या वेळात नसबंदीचे टाके घातले जात असतात.) माझ्या मते छोट्या क्लिनिकने रात्री उघडे असणे बंधनकारक नाही, मात्र रात्री कुठे जायचे हे पेशंटला आधीच सांगून ठेवणे बंधनकारक आहे. आमच्या लसीकरणाच्या पुस्तिकेच्या मागच्या पानावर २४ तास चालणाऱ्या दोन रुग्णालयांचे पत्ते छापलेले आहेत आणि ती रुग्णालये दुसऱ्या दिवशी केसपेपर आम्हाला पाठवतात. नवीन पेशंटला ते पान उघडून दाखवल्याशिवाय आम्ही पुस्तिका हातात देत नाही.

जमाखर्च यांनी मांडलेले गणित प्रत्येकाने भिंतीवर लावावे. त्याला जोडून परवान्यांचे थोडक्यात सांगतो, कारण नवीन माणूस यंत्रांच्या खरेदीत रमतो आणि कागद मागे राहतात. शॉप ॲक्टची नोंद लागते. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पशुचिकित्सालयांनाही लागू आहेत, त्यामुळे प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारपत्र आणि कचरा उचलणाऱ्या संस्थेशी करार हवा. सुया पांढऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत, आणि महापालिकेच्या घंटागाडीत यातले काहीही जाता कामा नये. एक्स-रे यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे जावे लागते. केटामाइन हे भुलीचे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत आहे, ते कुलपात ठेवावे आणि प्रत्येक मिलिलिटर नोंदवहीत उतरवावा.

यंत्रांत माझी पहिली पसंती सोनोग्राफी किंवा रक्ततपासणीच्या यंत्राला नाही, ती चांगल्या फ्रिजला आहे. लस २ ते ८ अंशांतच राहायला हवी. गोठली तरी बिघडते आणि तापली तरी बिघडते, बाहेरून मात्र कुपी तशीच दिसते. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली आणि मदतनिसाने पाण्याच्या बाटल्यांसाठी फ्रिज चार वेळा उघडला, तर पिल्लाला टोचलेली पार्व्हो विषाणूवरची लस म्हणजे नुसते पाणी ठरू शकते. म्हणून लसींचा फ्रिज वेगळा ठेवावा, आत तापमापी असावी, दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहावा आणि इन्व्हर्टर असावा. सोनोग्राफीसाठी शेजारी पाठवता येते, पण दुसऱ्याच्या फ्रिजमधली लस आपल्या नावावर टोचता येत नाही.

शिवनेरीच्या पायथ्याशी

फ्रिजबद्दल शंभर टक्के सहमत. यात भर एवढीच, की पदवी नसलेले लोक दुकानातून लस नेऊन घरोघरी टोचतात, त्यांच्याकडे बर्फाचा डबासुद्धा नसतो. पुस्तिकेत लसीच्या कुपीवरचे स्टिकर, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असल्याशिवाय ते लसीकरण झाले असे मालकांनी मानू नये, विशेषतः रेबीजच्या बाबतीत. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस काय आणि कुत्रा काय, वाचण्याची आशा जवळजवळ नसते.

रात्रपाळी

दयामरणाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. नव्या डॉक्टरला सर्वांत जास्त थकवणारी गोष्ट तीच असते. एका खोलीत म्हाताऱ्या कुत्र्याला शांत झोपवून, हात धुऊन, पुढच्या मिनिटाला शेजारच्या खोलीत नव्या पिल्लाचे हसून स्वागत करावे लागते. यासाठी रोस्टरमध्ये मोकळी वेळ ठेवणारी जागा नोकरीसाठी निवडावी, असे मी नव्या मुलामुलींना सांगते. मुलाखतीत पगाराइतकाच हा प्रश्न विचारावा.

मुठाकाठचा पशुवैद्य

रात्रपाळी, अगदी खरे आहे. आम्ही अशी केस दिवसाच्या शेवटी ठेवतो, त्या वेळी बाहेर कोणाला बसवत नाही आणि बिल आधीच उरकतो, म्हणजे नंतर माणसाला रडत रडत पाकीट चाचपावे लागत नाही. आणि तिथेही तो कागद असतोच, कारण दयामरण हा कधीकधी चौथा रकाना असतो. तो पैशांअभावी भरावा लागतो तेव्हा फार जड जाते. अशा वेळी पहिल्या तीन रकान्यांत काही कमी करता येईल का, एखादी तपासणी उद्यावर ढकलता येईल का, हे मी पुन्हा एकदा पाहतो. काही वेळा निघते, काही वेळा नाही.

कोथरूडची आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने धागा पूर्ण वाचला आणि तिचा निश्चय डळमळलेला दिसत नाही. शेवटचा प्रश्न: प्रवेशापूर्वी तिला एखाद्या क्लिनिकमध्ये बसून काम पाहता येईल का?

मुठाकाठचा पशुवैद्य

जरूर येऊ द्या, मात्र आधी रेबीजची प्रतिबंधक लस घेऊन. ती चावा बसण्यापूर्वीही घेता येते. किती डोस आणि कोणत्या दिवशी, हे तुमचे फॅमिली डॉक्टर सांगतील. पायांत बंद बूट, केस बांधलेले आणि कोणत्याही प्राण्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, एवढ्या तीन अटी. पहिला आठवडा तिला टेबलापाशी न उभे करता काउंटरपाशी बसवीन. मालक आत काय सांगतात आणि बाहेर पैसे देताना काय सांगतात, हे तिने ऐकावे. नंतर शिवनेरीकर परवानगी देतील तर दोन दिवस त्यांच्या दवाखान्यातही जावे. व्यक्तिगत निरोपातून वेळ ठरवू.

शिवनेरीच्या पायथ्याशी

आनंदाने. गमबूट सोबत आणायला सांगा आणि मुक्कामाच्या तयारीने पाठवा, गायी बहुधा पहाटेच वितात.